डीबीसीवरून पार्सर तयार केला, कंपाइलही झाला, पण आकडे चुकतायत. कुठे बघू?

चाकण_लॉगर

नमस्कार मंडळी,

हायब्रिड ट्रकसाठी डेटा लॉगर करतोय. एसटीएम३२ जी४, दोन कॅन (गाडीतले कंट्रोलर जोडणारी बस) चॅनेल. एकावर इंजिनची जे१९३९ (ट्रकसाठीचा कॅन प्रोटोकॉल), २५० केबीपीएस. दुसऱ्यावर बॅटरी पॅक, ५०० केबीपीएस, ११ बिटी आयडी. जे१९३९ची डीबीसी (कुठल्या मेसेजच्या कुठल्या बिटांत कोणता सिग्नल ते सांगणारी फाइल) तयार मिळाली. बॅटरीची डीबीसी मात्र पुरवठादाराच्या एक्सेल शीटवरून मीच टाइप केली. दोन्ही फायली कॅनटूल्स या साधनाच्या, डीबीसीवरून सी कोड काढणाऱ्या जनरेट-सी-सोर्स कमांडला दिल्या. कोड आला आणि एकाही वॉर्निंगशिवाय कंपाइल झाला. तरी तीन गोष्टी जुळत नाहीत.

१) ईईसी१ (इंजिन स्पीड) कधीच पकडला जात नाही. डीबीसीत मेसेज क्रमांक २३६४५४०१५८ आहे. तयार झालेल्या हेडरमध्ये २१७०५६५१० आहे. बसवर प्रत्यक्षात येतो २१७०५६२५६. तीन ठिकाणी तीन आकडे, खरा कुठला? सध्या तयार झालेल्या फायलीतला स्थिरांक हातानं बदलून काम चालवलंय.

२) इग्निशन चालू केल्यावर पहिले काही क्षण कूलंटचं तापमान २१५ अंश आणि आरपीएम ८१९१.८७५ दिसतं, मग सगळं सुरळीत होतं.

३) बॅटरी करंट. शीटमध्ये लिहिलंय: मोटोरोला (वरचा बाइट आधी), स्टार्ट बिट १२, लांबी १२, साइन्ड, फॅक्टर ०.५. त्याच मेसेजमध्ये रोलिंग काउंटर (दर फ्रेमला एकानं वाढणारा), स्टार्ट बिट ८, लांबी ४. डीबीसीत १२|१२@०- आणि ८|४@०+ असं घातलं (स्टार्ट बिट|लांबी, @० म्हणजे मोटोरोला, - म्हणजे साइन्ड, + म्हणजे अनसाइन्ड). कॅनटूल्सनं सिग्नल एकमेकांवर चढतायत म्हणून एरर दिली, म्हणून ही तपासणी बंद करणारा नो-स्ट्रिक्ट पर्याय लावून कोड काढला. आता करंट दर फ्रेमला ६४ ॲम्पिअरनं चढत जातो आणि सोळाव्या फ्रेमला एकदम ९६० नं खाली येतो. गाडी जागेवर उभी असतानासुद्धा.

जनरेटर बदलू का? की सरळ हातानं पार्सर लिहू?

---

बिटमास्क

जनरेटर बदलू नका. तिन्ही चुका जनरेटरच्या बाहेरच्या आहेत. दुसरा जनरेटर घेतलात तरी हेच आकडे दिसतील.

आयडीपासून सुरू करतो. डीबीसीत २९ बिटी आयडी ओळखता यावा म्हणून त्या आकड्याचा ३१वा बिट १ केलेला असतो. म्हणजे २१४७४८३६४८ मिळवलेले असतात. २३६४५४०१५८ मधून ते वजा करा, २१७०५६५१० उरतील. कॅनटूल्स ही वजाबाकी स्वतःच करतं, म्हणून हेडरमधला आकडा वेगळा दिसला. हातानं पार्सर लिहिणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते.

आता हेडर आणि बस यांच्यात २५४ चा फरक राहतो. जे१९३९च्या आयडीत वरचे ३ बिट प्राधान्याचे, मधले १८ बिट पीजीएनचे (मेसेजचा प्रकार सांगणारा क्रमांक) आणि शेवटचे ८ बिट पाठवणाऱ्या नोडच्या पत्त्याचे. डीबीसी लिहिणाऱ्यानं पत्त्याच्या जागी २५४ ठेवलाय, म्हणजे कोणता नोड पाठवणार ते ठरवलेलं नाही. तुमच्या इंजिनचा पत्ता ०. त्यामुळे अख्ख्या आयडीची तुलना कधीच जुळणार नाही. आयडी ८ बिट उजवीकडे सरकवा आणि २६२१४३ नं मास्क करा. ६१४४४ मिळेल, तोच ईईसी१चा पीजीएन.

एवढ्यावर थांबू नका. पीजीएनचा मधला बाइट, म्हणजे पीएफ, २४० पेक्षा लहान असेल तर पीजीएनचे खालचे ८ बिट पीजीएनचे नसतातच, ते ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता असतात. तिथे मास्क २६१८८८ चा हवा. टॉर्क-वेगाची आज्ञा देणाऱ्या टीएससी१ मेसेजचा पीजीएन ० आहे. तो १५ पत्त्याच्या नोडला उद्देशून गेला आणि तुम्ही सरसकट पहिला मास्क लावला, तर हाती १५ येईल आणि मेसेज अनोळखी म्हणून टाकून दिला जाईल.

पत्ता टाकून द्यायचा असंही नाही. एकच पीजीएन दोन नोड पाठवू शकतात, गाडीच्या वेगाचा सीसीव्हीएस मेसेज हे नेहमीचं उदाहरण. कुठल्या पत्त्यावरचा आकडा मानायचा ते एका छोट्या तक्त्यात लिहून ठेवा. नाहीतर लॉगमध्ये दोन स्रोतांचे आकडे आलटून पालटून पडतील आणि आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसेल.

आणि तयार झालेल्या फायलीतला स्थिरांक हातानं बदललाय तो आजच परत करा. डीबीसीत कधीतरी एखादा सिग्नल वाढेल, कोड पुन्हा काढाल आणि तुमची दुरुस्ती कोणाला कळण्याआधी पुसली जाईल. व्याख्या चुकली असेल तर डीबीसीत दुरुस्त करायची. जे डीबीसीत बसत नाही ते तुमच्या स्वतःच्या वेगळ्या फायलीत.

दुसरा प्रश्न. २१५ म्हणजे २५५ वजा ४०. कूलंट एका बाइटचा, ऑफसेट −४०. ८१९१.८७५ म्हणजे ६५५३५ गुणिले ०.१२५. दोन्हीकडे सगळे बिट १ आहेत, म्हणजे इंजिनचा ईसीयू (कंट्रोलर) सांगतोय की माझ्याकडे अजून आकडा नाही. जे१९३९मध्ये एका बाइटच्या सिग्नलला ० ते २५० एवढेच खरे आकडे. २५४ म्हणजे बिघाड, २५५ म्हणजे उपलब्ध नाही. दोन बाइटला ६४२५५ पर्यंत खरे, ६५०२४ ते ६५२७९ बिघाड, ६५२८० पासून पुढे उपलब्ध नाही. दोन बिटांच्या स्विचला १० म्हणजे बिघाड आणि ११ म्हणजे उपलब्ध नाही.

डीकोड फंक्शन फक्त गुणाकार-बेरीज करतं, त्याला हे काही माहीत नसतं. पण त्याच्याच शेजारी प्रत्येक सिग्नलसाठी इज-इन-रेंज फंक्शन तयार झालेलं असतं. त्याला कच्चा आकडा द्या, खोटं आलं तर डीकोड करूच नका. बिघाड आणि उपलब्ध नाही हे लॉगमध्ये वेगवेगळे नोंदवा, कारण तुटलेली वायर आणि अजून जागा न झालेला ईसीयू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक खबरदारी घ्या: डीबीसीत त्या सिग्नलची मर्यादा [०|०] लिहिलेली असेल तर मर्यादा नाहीच असं धरलं जातं आणि ते फंक्शन नेहमी खरं सांगतं. तुमच्या फाइलमध्ये आरपीएमला [०|८०३१.८७५] आणि कूलंटला [-४०|२१०] आहे का, आधी ते बघा.

---

पिंपरी_फर्मवेअर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ती एरर बरोबर होती. नो-स्ट्रिक्ट लावलंत तिथेच चूक पक्की झाली.

मोटोरोला सिग्नलचा स्टार्ट बिट डीबीसीत सर्वांत वरच्या बिटाचा द्यायचा असतो. इंटेलला, म्हणजे @१ ला, सर्वांत खालच्या बिटाचा. तुमच्या शीटमध्ये मोटोरोलालाही खालचा बिट दिलाय. अशा शीट सर्रास असतात. शीट चुकीची नाही, तिची पद्धत वेगळी आहे.

बिटांचे क्रमांक असे पडतात: बाइट ० मध्ये डावीकडून ७ ते ०, बाइट १ मध्ये १५ ते ८, बाइट २ मध्ये २३ ते १६. तुमचं १२|१२@०- हे १२ पासून वाचायला लागतं: १२, ११, १०, ९, ८, मग पुढच्या बाइटचे २३ ते १७. म्हणजे करंटचा सर्वांत खालचा बिट साइन बिट ठरला, त्यामागे रोलिंग काउंटरचे चारही बिट आले आणि शेपटीला बाइट २ चे सात. काउंटरच्या खालच्या बिटाला या चुकीच्या वाचनात १२८ चं वजन मिळतं, ०.५ नं गुणलं की ६४ ॲम्पिअर. काउंटर १५ वरून ० वर आला की १५ गुणिले ६४, बरोबर ९६०. तुम्ही काउंटर बघत होता, करंट नव्हे.

खालचा बिट माहीत असताना वरचा काढायची रीत: क्रमांकाला ८ नं भागा. भागाकार हा बाइट, बाकी हा बिट. स्थान = बाइट गुणिले ८, अधिक ७ वजा बिट. त्यातून लांबी वजा १ काढा. जे उरेल त्याला पुन्हा ८ नं भागा; उत्तर = भागाकार गुणिले ८, अधिक ७ वजा बाकी. १२ साठी: बाइट १, बिट ४, स्थान ११, वजा ११, उरले ०, उत्तर ७. तर करंट ७|१२@०-. काउंटर: बाइट १, बिट ०, स्थान १५, वजा ३, उरले १२, उत्तर ११. तर ११|४@०+. त्या शीटमधला एकूण एक मोटोरोला सिग्नल याच पद्धतीनं बदला. एका बाइटचा असला तरी बदला, तिथेही ० च्या जागी ७ होतो. मग नो-स्ट्रिक्ट काढा. एरर न येता कोड निघाला पाहिजे.

ताडून बघायला एक फ्रेम घ्या: बाइट ० आणि १ हेक्समध्ये १२ ३४. करंटचा कच्चा आकडा हेक्स १२३, म्हणजे २९१, म्हणजे १४५.५ ॲम्पिअर. काउंटर ४. तुम्हाला ४१२, म्हणजे १०४२ मिळाला तर कुठेतरी @० ऐवजी @१ पडलंय आणि स्टार्ट बिट ० धरलाय.

ऋण आकडाही तपासा. बाइट ० मध्ये २५० आणि बाइट १ चे वरचे चार बिट ० असतील तर कच्चा आकडा ४०००. बारा बिटांत त्याचा अर्थ ४००० वजा ४०९६, म्हणजे −९६, म्हणजे −४८ ॲम्पिअर. २००० ॲम्पिअर दिसले तर डीबीसीत वजाचिन्हाच्या जागी अधिक टाइप झालंय. पॅक डिस्चार्ज होत असताना सगळं नीट दिसतं आणि चार्जिंगला लावल्यावरच हे उघडं पडतं (तुमच्या पुरवठादाराची चिन्हाची पद्धत उलट असेल तर उलट). म्हणून दोन्ही दिशांचा लॉग घ्या.

हातानं लिहिण्याबद्दल विचारलंत. तसं लिहिणारे बहुतेक वेळा बिटफिल्डचं स्ट्रक्चर करून आठ बाइट त्यावर थेट टाकतात. सी भाषेत बिटफिल्डचा क्रम कंपायलर ठरवतो, आणि बाइटची हद्द ओलांडणारा मोटोरोला सिग्नल लहान-एंडियन प्रोसेसरवर सलग फिल्डमध्ये बसतच नाही. दुसरा सापळा शिफ्टचा: आठ बिटी आकडा सरळ २४ नं डावीकडे सरकवला तर तो आधी साइन्ड इंट होतो, आणि १२७ च्या वर असेल तर वर्तन भाषेच्या नियमांतच बसत नाही. आधी ३२ बिटी अनसाइन्ड करायचं, मग सरकवायचं. जनरेटर हे प्रत्येक सिग्नलला न कंटाळता करतो. माणूस शंभराव्या सिग्नलला विसरतो.

---

चाकण_लॉगर

मनापासून आभार. ६४ आणि ९६० चा हिशेब वाचल्यावर सगळं लख्ख झालं. डीबीसी दुरुस्त केली, नो-स्ट्रिक्ट काढलं, एरर नाही. १२ ३४ ची फ्रेम टाकून बघितली, १४५.५ आणि ४ मिळाले.

आता पुढचं. कॅनटूल्स प्रत्येक मेसेजचं अनपॅक फंक्शन देतं, पण आलेला आयडी बघून कुठलं बोलवायचं ते देत नाही. ९० मेसेजचा स्विच हातानं लिहायचा का? आणि सगळे सिग्नल बरोबर आहेत हे एकेक फ्रेम न टाकता कसं तपासायचं?

---

नोड_एकवीस

स्विचही तयारच करा. कॅनटूल्स ही पायथन लायब्ररीसुद्धा आहे. डीबीसी लोड करा, मेसेजच्या यादीवर फिरा आणि प्रत्येकाचं नाव, आयडी, लांबी आणि आयडी २९ बिटी आहे का हे घेऊन एक सी तक्ता छापा. तीसेक ओळींचं काम आहे. जे१९३९च्या फाइलसाठी आयडीऐवजी पीजीएन छापा. तक्ता चढत्या क्रमानं लावून ठेवलात तर बायनरी सर्चनं ९० मेसेजमध्ये सात तुलनांत उत्तर मिळतं. ११ बिटी आणि २९ बिटीचे तक्ते वेगळे ठेवा, दोन्हींत एकच आकडा येऊ शकतो.

अनपॅकला लांबी देताना जपून. ते फंक्शन फ्रेम लहान असेल तर एरर परत करतं आणि हीच तुमची एकमेव राखण आहे. एसटीच्या एचएएल या हार्डवेअर लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत एफडीकॅनच्या हेडरमधली डेटा-लेंग्थ १६ बिट सरकवलेली असते, म्हणजे ८ बाइटची फ्रेम ५२४२८८ सांगते. तोच आकडा अनपॅकला दिलात तर दोन बाइटची फ्रेमसुद्धा आरामात पास होईल आणि बफरमधले मागच्या फ्रेमचे बाइट खरे म्हणून वाचले जातील. उद्या कॅन एफडीवर (६४ बाइटपर्यंतच्या फ्रेमचा कॅन) गेलात तर डीएलसी (फ्रेममधला लांबीचा कोड) आणि बाइटची संख्या एक नसते हेही धरा: ९ म्हणजे १२ बाइट, १३ म्हणजे ३२, १५ म्हणजे ६४. एक छोटा तक्ता ठेवा आणि सगळीकडे त्यातूनच लांबी काढा.

डीबीसीत आठ बाइटपेक्षा लांब जे१९३९ मेसेज असतील, डीएम१ (चालू बिघाडांची यादी) सारखे, तर त्यांचं अनपॅक थेट फ्रेमवर चालणार नाही. ते तुकड्यांत येतात. पीजीएन ६०४१६ वर घोषणा, ६०१६० वर सात-सात बाइटचे तुकडे, जास्तीत जास्त १७८५ बाइट. आधी जोडायचे, मग अनपॅक.

तपासणीसाठी माझा भर एकाच चाचणीवर असतो. संगणकावरच, बोर्डाशिवाय, तयार झालेला कोड कंपाइल करा. आठ बाइट शून्य ठेवा आणि ६४ बिटांपैकी एकेक बिट १ करत प्रत्येक वेळी अनपॅक करा. कुठल्या सिग्नलचा कच्चा आकडा बदलला ते छापा. ६४ ओळी होतील. त्या पुरवठादाराच्या शीटमधल्या बाइटच्या चित्राशेजारी ठेवून ओळीनं वाचा. तुमचा करंट बाइट ० चे आठ बिट आणि बाइट १ चे वरचे चार, एवढ्याच बारा ओळींत दिसला पाहिजे. जुन्या डीबीसीवर हे चालवलं असतं तर काउंटरच्या बिटाशेजारी करंट हे नाव छापलेलं दिसलं असतं. बिटाचा क्रमांक नव्हे, बाइट आणि त्यातलं स्थान छापा. नाहीतर क्रमांकाच्या ज्या पद्धतीनं घोळ घातला, तीच पद्धत तपासणीत येईल. मल्टिप्लेक्स मेसेज (एकाच आयडीत आळीपाळीनं वेगवेगळे सिग्नल) असतील तर कोणता संच आलाय ते ठरवणाऱ्या सिग्नलच्या प्रत्येक किमतीसाठी ६४ ओळी वेगळ्या काढा.

कॅनटूल्सच्या पायथन डीकोडशी सी कोडचं उत्तर ताडणं चांगलं, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोघांची डीबीसी एकच आहे, ती चुकली तर दोघं मिळून चुकतील. बाहेरचा साक्षीदार हवा. इंजिन स्पीडसाठी डॅशबोर्डचा काटा, करंटसाठी क्लॅम्प मीटर, तापमानासाठी सर्व्हिस टूल. प्रत्येकी दोन बिंदू पुरतात, एक कमी आणि एक जास्त. एकाच बिंदूवर ऑफसेटची चूक फॅक्टरच्या चुकीत लपते.

बिल्डमध्ये कॅनटूल्सची आवृत्ती पक्की करून टाका. डीबीसी बदलली की कोड आपोआप निघेल अशी सीमेकमध्ये अवलंबिता लावा. तयार झालेल्या फायली गिटमध्ये ठेवत असाल तर सर्व्हरवर कोड पुन्हा काढून फरक बघा, फरक आला तर बिल्ड थांबवा. वरच्या कॉमेंटमध्ये तारीख येत असेल तर ती ओळ आधी गाळा, नाहीतर रोज फरक दिसेल आणि चार दिवसांत कोणी बघेनासं होईल.

---

बिटमास्क

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

जी४च्या कॉर्टेक्स-एम४ मध्ये हार्डवेअर फ्लोट फक्त सिंगल प्रिसिजनचा आहे. डीकोड फंक्शन मुळात डबल वापरतं, ते सॉफ्टवेअरमध्ये चालतं. यूज-फ्लोट हा पर्याय लावा. त्याहून बरं म्हणजे लॉगमध्ये कच्चेच आकडे लिहा आणि फॅक्टर वाचताना लावा. मर्यादाही कच्च्या आकड्यातच तपासता येतात: १५०० आरपीएम म्हणजे १२०००.

आणि उद्या लॉगरवरून काही पाठवायला लागलात तर एन्कोड फंक्शन उघडून बघा. भागाकार करून थेट पूर्णांकात कास्ट केलेलं असेल तर अपूर्णांक कापला जातो. ०.३ ला ०.१ नं भागलं की डबलमध्ये २.९९९९... येतं आणि कास्टनंतर २. एन्कोडला देण्यापूर्वी किमतीत फॅक्टरचा अर्धा भाग मिळवा, ऑफसेट वजा केल्यावर उरणारी किंमत ऋण असेल तर वजा करा.

---

चाकण_लॉगर

बिट फिरवायची चाचणी आत्ताच चालवली. करंट बारा ओळींत नीट आला. पण सेल तापमानाचा एक सिग्नल शेजारच्या बाइटमध्ये एका बिटानं घुसलेला सापडला, शीटमध्ये लांबी ८ आणि माझ्याकडे ९ टाइप झाली होती. तो घुसलेला बिट राखीव होता, म्हणून एररही आली नव्हती. डीबीसीत सुधारलं. एचएएलची लांबीही तपासली, ५२४२८८ च येत होती.

---

नोड_एकवीस

मग त्या दुरुस्तीनंतर आधीचे लॉग पुन्हा चाळा. लहान फ्रेम आल्या असतील तर त्या वेळचे शेवटच्या बाइटमधले सिग्नल जुने आहेत. कच्च्या फ्रेम जपून ठेवल्या असतील तर नव्या डीबीसीवरून सगळं पुन्हा डीकोड करता येईल. फक्त डीकोड केलेले आकडे असतील तर तेवढा भाग बाद धरा.